पेशीपटलावरचा पहारा : तुरीचा वांझ रोग, बदनापूर आणि रेमोरिन

तुरीच्या झाडाचा दोन परक्या जिवांशी सतत संबंध येतो. हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंना ते मुळांवरच्या गाठींत स्वतःहून आत घेते. पानांतून शिरणाऱ्या विषाणूला मात्र त्याला रोखावे लागते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला अडवायचे, याचा बराचसा निर्णय पेशीभोवतीच्या अतिशय पातळ आवरणावर, म्हणजे पेशीपटलावर होतो. या पटलाला आकार देणारी आणि त्यावरील इतर प्रथिनांना ठरावीक जागी धरून ठेवणारी प्रथिने आधारप्रथिने म्हणून ओळखली जातात. इमारतीभोवती बांधलेली परांची जशी कामगारांना नेमक्या जागी उभे राहू देते, तसे हे काम आहे. वनस्पतींमधील अशा प्रथिनांचे एक महत्त्वाचे कुटुंब म्हणजे रेमोरिन.

रेमोरिनची ओळख पटली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. तुरीच्या वांझ रोगाविरुद्धचा लढा त्याच्या कितीतरी आधी शेतात सुरू झाला होता. जालना जिल्ह्यातील बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र हे त्या लढ्यातील एक प्रमुख ठिकाण. रोगाचा इतिहास शेतातून पेशीकडे कसा गेला, हे या केंद्राच्या कामाच्या आधाराने पाहता येते.

पुसा ते मुंबई : दोन रोगांची ओळख

तूर मूळची भारतातली. तिचा सर्वांत जवळचा रानटी नातेवाईक कजानस कजानिफोलियस पूर्व भारताच्या डोंगराळ भागात आढळतो. हजारो वर्षे लागवडीत असलेल्या या पिकाच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारमधील पुसा येथे सुरू झाला. तेथील इंपीरियल कृषी संशोधन संस्थेत कवकशास्त्रज्ञ असलेल्या एडविन जॉन बटलर यांनी तुरीच्या मर रोगाचे पहिले वर्णन १९०६ मध्ये केले आणि १९१० मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. फ्युझेरियम उडम ही बुरशी जमिनीतून मुळात शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका निकामी करते आणि भर फुलोऱ्यात उभे झाड वाळून जाते.

दुसऱ्या रोगाची नोंद त्याच पुशात १९३१ मध्ये एम. मित्रा यांनी केली. त्याची लक्षणे अगदी उलटी होती. झाड वाळत नव्हते. ते हिरवे राहत होते, झुडपासारखे दाट होत होते, पाने लहान आणि फिकट हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची होत होती. पण फूल लागत नव्हते, शेंगही धरत नव्हती. म्हणूनच शेतकऱ्याच्या तोंडी त्याला वांझ रोग हे नाव बसले. इंग्रजी लेखनात त्याला हिरवी महामारी असेही म्हटले गेले. पेरणीनंतर पहिल्या ४५ दिवसांत लागण झाली, तर उत्पादन जवळजवळ शून्यावर येते. उशिरा लागण झाल्यास झाडाच्या काही फांद्याच वांझ राहतात आणि उरलेल्या फांद्यांना शेंगा लागतात.

या रोगामागे बुरशी किंवा जिवाणू सापडत नव्हता. १९५२ मध्ये एस. पी. कपूर यांनी मुंबई राज्यातील या रोगावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. रोगट फांदीचे कलम निरोगी झाडावर केले की रोग पसरतो, हे त्यांनी दाखवले. कलमातून जाणारा, पण सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणारा रोगकारक म्हणजे विषाणू असण्याची शक्यता त्यामुळे बळावली. तथापि, रोगट पानांचा रस निरोगी पानांवर चोळून लागण घडवण्याचे प्रयत्न वारंवार फसत होते. शेतात हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर कसा जातो, हा प्रश्न तसाच राहिला.

डोळ्यांना न दिसणारा कोळी

त्याचे उत्तर १९६२ मध्ये एम. एल. सेठ यांच्या संशोधनातून मिळाले. रोगाचा वाहक एरिओफाइड गटातील एक कोळी होता. १९६६ मध्ये बंगळूरच्या जी. पी. चन्नबसवण्णा यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला असेरिया कजानी हे नाव दिले. हा कोळी सुमारे पाव मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, पानांच्या खालच्या बाजूस राहतो, जाळे विणत नाही आणि पानाला वरवर पाहता कोणतीही इजा करत नाही. त्याचा जीवनक्रम दोन आठवड्यांच्या आत पूर्ण होतो. त्याला पंख नसतात; वाऱ्यासोबत तो एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. तूर आणि तिचे जवळचे रानटी नातेवाईक हेच त्याचे घर.

रोगाचा प्रसार समजण्यासाठी ही माहिती निर्णायक ठरली. बांधावरची जुनी तूर, काढणीनंतर खोडातून पुन्हा फुटलेले धुमारे आणि बियांतून आपोआप उगवलेली रोपे उन्हाळाभर कोळी आणि विषाणू या दोघांनाही जिवंत ठेवतात. जूनमध्ये नवी पेरणी झाली की तेथूनच रोग नव्या पिकावर येतो. पुढे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की रोगट पानावर १५ मिनिटे घालवलेला कोळीही विषाणू उचलू शकतो आणि निरोगी पानावर ९० मिनिटांत तो पोहोचवू शकतो. एकट्या कोळ्याची यशस्विता सुमारे निम्मी होती; झाडावर पाचपेक्षा अधिक कोळी सोडले, तर प्रत्येक झाड रोगट झाले.

१९७२

१९७२ हे वर्ष या कथेत चार कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि कोरडवाहू शेतीचा प्रश्न सर्वांसमोर उभा राहिला. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. याच विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरू येथे अर्धकोरडवाहू प्रदेशातील पिकांसाठी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि तुरीला तिच्या कामात प्रमुख स्थान मिळाले.

पेशीविज्ञानातही ते वर्ष मैलाचा दगड ठरले. अमेरिकेतील एस. जे. सिंगर आणि गार्थ निकोल्सन यांनी पेशीपटलाचे प्रवाही प्रतिमान मांडले. मेदरेणूंचा दुपदरी थर असतो आणि त्यात प्रथिने तरंगत असतात, असे त्याचे सार होते. नंतरच्या संशोधनाने या चित्रात मोठी भर घातली. पटलावरची प्रथिने सैरभैर फिरत नाहीत. त्यांतील अनेक प्रथिने नॅनोमीटर मापाच्या छोट्या क्षेत्रांत एकत्र ठेवली जातात. हे एकत्र ठेवण्याचे काम आधारप्रथिने करतात. तुरीच्या शेतातले संशोधन आणि पेशीपटलाचे संशोधन १९७२ नंतर आपापल्या मार्गाने पुढे गेले. त्यांची गाठ पडायला जवळजवळ चार दशके लागली.

बदनापूरची निवड

बदनापूर हे छत्रपती संभाजीनगर आणि जालना यांना जोडणाऱ्या मार्गावरचे गाव. काळी जमीन, पावसावर अवलंबून असलेली शेती आणि कपाशी, ज्वारी, बाजरी, मूग, पुढे सोयाबीन यांच्या ओळींमध्ये तुरीची तासे, ही या भागातील पीकपद्धती. परभणीच्या विद्यापीठाच्या अखत्यारीतील येथील संशोधन केंद्र तूर, हरभरा, मूग आणि उडीद या कडधान्यांसाठी ओळखले जाते.

केंद्राचे सुरुवातीचे काम स्थानिक तुरींमधून निवड करण्याचे होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आलेले लाल दाण्याचे बीडीएन-१ आणि पांढऱ्या दाण्याचे बीडीएन-२ हे वाण याच निवडीचे फळ. दोन्ही वाण मराठवाड्यात रुजले. रोगाचे प्रादेशिक प्रकार ओळखण्यासाठी देशात वापरल्या जाणाऱ्या वाणांच्या संचात बीडीएन-१ चाही समावेश झाला. एकाच वाणाला एका ठिकाणी लागण होते आणि दुसऱ्या ठिकाणी होत नाही, यावरून रोगकारकाचा प्रकार ओळखता येतो.

रोगप्रतिकारक वाण शोधायचा, तर प्रत्येक झाडाला रोग झालाच पाहिजे अशी खात्रीची पद्धत लागते. नाहीतर केवळ योगायोगाने वाचलेले झाडही प्रतिकारक समजले जाते. मर रोगासाठी एकाच शेतात दरवर्षी रोगट धसकटे मिसळून जमीन बुरशीने भारून टाकतात. वांझ रोगासाठी इक्रिसॅटमधील यशवंत लक्ष्मण नेने आणि एम. व्ही. रेड्डी यांनी १९७६ मध्ये अतिशय साधी आणि परिणामकारक युक्ती दिली. रोपाची पहिली दोन पाने आली की त्यांवर रोगट पानाची घडी अशी ठेवायची की तिची खालची, कोळी असलेली बाजू कोवळ्या पानाला टेकेल, आणि स्टेपलरने ती टाचायची. रोगट पान सुकू लागले की कोळी हिरव्या पानावर उतरतात. स्टेपलरसारख्या कार्यालयीन वस्तूमुळे हजारो रोपांची खात्रीशीर चाचणी शक्य झाली. शेतात वाऱ्याच्या दिशेला रोगट तुरीची आधीच लावलेली ओळ ठेवून हेच काम मोठ्या प्रमाणावरही करता येऊ लागले.

या चाचण्यांची गरज किती होती, ते देशभरच्या पाहणीतून स्पष्ट झाले. १९७५ ते १९८० या काळातील पाहणीवर आधारलेल्या अंदाजानुसार केवळ वांझ रोगामुळे भारतात दरवर्षी सुमारे २,०५,००० टन तुरीचे नुकसान होत होते. पुढे एका यशाचीच दुसरी बाजू समोर आली. महाराष्ट्रातील स्थानिक तुरीतून निवडलेला आयसीपी ८८६३ हा वाण मर रोगाला दाद देत नव्हता. १९८६ मध्ये तो कर्नाटकात मारुती या नावाने प्रसारित झाला आणि उत्तर कर्नाटकासह लगतच्या भागात झपाट्याने पसरला. मर रोगाने होणारे नुकसान त्याने रोखले. पण वांझ रोगाला हा वाण अत्यंत बळी पडतो. इतका, की पुढे चाचण्यांमध्ये रोगाला हमखास बळी पडणारा वाण म्हणून त्याचाच वापर होऊ लागला. एका रोगाला तोंड देणारा वाण पुरेसा नाही. मर आणि वांझ या दोन्हींना एकत्र तोंड देणारा वाण हवा, हे त्यातून ठसठशीतपणे दिसले.

बदनापूरने नेमके तेच काम हाती घेतले. आयसीपी ७२१७ आणि क्रमांक १४८ यांच्या संकरातून येथे बीएसएमआर-७३६ हा लाल दाण्याचा वाण तयार झाला. नावातील पहिले अक्षर बदनापूरचे आणि पुढची तीन वांझ रोगप्रतिकारकतेच्या इंग्रजी संज्ञेची आद्याक्षरे आहेत. सुमारे १८० दिवसांत तयार होणारा हा वाण १९९० च्या दशकात शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला आणि मर व वांझ या दोन्ही रोगांना तोंड देत राज्यभर पसरला. पाठोपाठ पांढऱ्या दाण्याचा बीएसएमआर-८५३, म्हणजे वैशाली, आला. याच दशकात, १९९३ मध्ये, इक्रिसॅटचा आशा हा दोन्ही रोगांना प्रतिकारक वाणही प्रसारित झाला होता.

या सर्व निवडीत कोणीही पेशीतील प्रथिने मोजली नव्हती. भारलेल्या जमिनीत आणि कोळ्यांनी भरलेल्या ओळींशेजारी जे झाड हिरवे राहिले, फुलले आणि शेंगांनी लगडले, त्याचे बी पुढच्या पिढीसाठी ठेवले गेले. प्रतिकार पेशीत कसा घडतो हे माहीत नसतानाही प्रतिकार निवडता येतो, हे बदनापूरच्या कामाचे मोल आहे.

विषाणू अखेर सापडतो

रोगाची पहिली नोंद झाल्यानंतर रोगकारक हाती यायला सात दशके लागली. इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधील पीक संशोधन संस्था यांच्या संयुक्त कामातून पी. लावा कुमार, ए. टी. जोन्स, डी. व्ही. आर. रेड्डी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या रोगाशी निगडित नव्या विषाणूचे वर्णन केले. त्याचा जनुकीय साठा ऋणधर्मी आरएनएच्या अनेक तुकड्यांत विभागलेला आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये तुरीतील अशा दोन वेगवेगळ्या विषाणूंचे जनुकीय क्रम प्रसिद्ध झाले आणि दोघांनाही एमाराव्हायरस या प्रजातिगटात स्थान मिळाले.

रोगट पानाच्या पेशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर १०० ते १५० नॅनोमीटर व्यासाचे, पटलाने वेढलेले गोलसर कण दिसतात. हा विषाणू पटलाशी इतका जोडलेला आहे. मात्र एका पेशीत वाढून त्याचे काम भागत नाही. त्याला शेजारच्या पेशीत जावे लागते. वनस्पतींच्या पेशींभोवती जाड भिंत असते आणि त्या भिंतीतून आरपार गेलेल्या, पेशीपटलानेच अस्तर लावलेल्या सूक्ष्म वाटांमधून पेशी एकमेकींशी जोडलेल्या असतात. वनस्पतींचे विषाणू खास वाहतूक-प्रथिने बनवून या वाटा रुंदावतात आणि पुढे सरकतात. एमाराव्हायरस गटातील अंजिराच्या विषाणूचे असे प्रथिन २०१३ मध्ये ओळखले गेले. विषाणूचा पुढचा प्रवास नेमका या वाटांवर अडवता येतो का, या प्रश्नाने संशोधन आधारप्रथिनांपर्यंत पोहोचते.

रेमोरिन : एकच प्रथिनकुल, दोन कामे

१९८९ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात एडवर्ड फार्मर, ग्रेगरी पिअर्स आणि क्लॅरेन्स रायन हे बटाटा व टोमॅटोच्या पानांवर काम करत होते. पेशीभित्तीचे तुकडे पेशीपटलावर आले की एका प्रथिनाला झपाट्याने फॉस्फेट जोडले जाते, असे त्यांना दिसले. भिंतीचे असे तुकडे पडणे ही झाडासाठी कीड किंवा रोग आल्याची खूण असते. १९९६ मध्ये या प्रथिनाचे जनुक वेगळे करण्यात आले आणि त्याला रेमोरिन हे नाव मिळाले. त्याचे काही भौतिक गुणधर्म विषाणूंच्या वाहतूक-प्रथिनांशी जुळतात, हेही तेव्हाच लक्षात आले.

रेमोरिन पटलाच्या आतल्या बाजूला एका टोकाने चिकटते. त्याचे मधले भाग एकमेकांभोवती पीळ घालून जुळतात आणि अनेक रेणूंचे पुंजके तयार होतात. त्याचे दुसरे टोक सैल असते. पेशीला मिळणाऱ्या संकेतांनुसार तेथे फॉस्फेट जोडले जाते. वनस्पतींमध्ये सर्वत्र आढळणारे हे कुटुंब प्राण्यांत नाही.

रोगातील त्याची भूमिका २००९ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील सिल्व्हाँ रफाएल, सेबास्तियाँ माँग्राँ आणि सहकाऱ्यांनी दाखवली. रेमोरिन पटलावर सुमारे ७० नॅनोमीटरच्या पुंजक्यांत आणि पेशींना जोडणाऱ्या वाटांमध्येही असते. टोमॅटोत रेमोरिन वाढवले की बटाट्याच्या एक्स विषाणूची पेशीतून पेशीत जाण्याची गती मंदावली. कमी केले की ती वाढली. पटलाला आधार देणारे प्रथिन विषाणूच्या वाटेवर अडथळा ठरत होते.

विषाणूही स्वस्थ बसत नाहीत. भातावरील पट्टे रोगाचा विषाणू हाही ऋणधर्मी आरएनएचे अनेक तुकडे असलेला, म्हणजे तुरीच्या विषाणूच्या दूरच्या गोतावळ्यातला. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की त्याचे वाहतूक-प्रथिन रेमोरिनला मेदाम्लाची साखळी जोडू देत नाही. त्या साखळीविना रेमोरिन पटलावर पोहोचत नाही, पेशीच्या आतच अडकते आणि पेशीची स्वच्छता-यंत्रणा त्याला नष्ट करते. अडथळा दूर झाला की विषाणूचा मार्ग मोकळा होतो.

त्याच कुटुंबाचे दुसरे काम कडधान्यांच्या मुळांत चालते. १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी कडधान्यांच्या गाठी हवेतील नत्र वापरतात हे सांगितले आणि १८८८ मध्ये बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले. जिवाणू आत कसे येतात याचा पेशीपातळीवरचा उलगडा मात्र २०१० मध्ये वेगाने झाला. मेडिकॅगो ट्रंकॅट्युला या तुरीच्याच कुळातील वनस्पतीत बेन्वा लफेव्र, थॉमस ऑट आणि सहकाऱ्यांना गाठीत बनणारे सिमरेम-१ हे रेमोरिन सापडले. जिवाणूंचा संकेत ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांशी ते जोडले जाते. त्याच वर्षी कारा हेनी आणि शॅरन लाँग यांनी फ्लोटिलिन या दुसऱ्या आधारप्रथिनाशिवायही जिवाणूंचा प्रवेश नीट होत नाही, हे दाखवले. २०१८ मध्ये चित्र अधिक स्पष्ट झाले. फ्लोटिलिन पटलावर क्षेत्र तयार करते, सिमरेम-१ ग्राहीला त्या क्षेत्रात आणून स्थिर करते. सिमरेम-१ नसेल, तर संकेत मिळताच ग्राही पेशीच्या आत ओढले जाते आणि प्रवेश फसतो. २०२३ मधील संशोधनाने आणखी पुढचा टप्पा गाठला. जिवाणू पेशीत उतरतात तेथे पटलाला पेशीभित्तीचा आधार नसतो. अशा उघड्या पटलाच्या वळणांना सिमरेम-१ चे पुंजके स्वतः पेलून धरतात.

आधारप्रथिन बिघडले तर काय होते, याची उदाहरणे माणसातही आहेत. १९८७ मध्ये ओळखले गेलेले डिस्ट्रोफिन स्नायूपेशीच्या पटलाला आतून बळकटी देते. ते नसेल तर मुलग्यांना ड्युशेन स्नायूक्षय होतो. तांबड्या रक्तपेशींतील स्पेक्ट्रिन आणि अँकिरिन यांत दोष असेल, तर पेशी गोल होतात आणि प्लीहेत लवकर फुटतात. त्यातून आनुवंशिक रक्तक्षय उद्भवतो. १९५३ मध्ये जॉर्ज पलाडी यांनी पाहिलेल्या पटलावरील सूक्ष्म खळग्यांना केव्हिओलिन आकार देते. स्नायूंतील केव्हिओलिनच्या दोषानेही स्नायू दुबळे होतात. वनस्पती आणि प्राणी यांची प्रथिने वेगळी आहेत, पण पटलाला आधार लागतो आणि तो ढळला की रोग येतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखे आहे.

आजची स्थिती

२०११ मध्ये राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील गटाने आशा या वाणाचा जनुकीय आराखडा मांडला आणि त्यात ४८,६८० जनुकांचा अंदाज दिला. पूर्वी केवळ शेतात दिसणारा प्रतिकार जनुकांच्या पातळीवर शोधण्याचे साधन त्यामुळे तूर पैदासकारांच्या हाती आले.

बदनापूरची दिशाही बदलत गेली. पाऊस लवकर संपणाऱ्या वर्षांत १८० दिवसांच्या तुरीला शेंगा भरण्याच्या वेळी ओल कमी पडते. म्हणून १५० ते १६० दिवसांत तयार होणारा पांढऱ्या दाण्याचा बीडीएन-७११ येथे विकसित झाला आणि हलक्या व मध्यम जमिनीत मोठ्या प्रमाणावर स्वीकारला गेला. त्यानंतर लाल दाण्याचा बीडीएन-७१६ आणि अलीकडचा गोदावरी हे वाण आले. उत्पादन आणि कालावधी यांच्या बरोबरीने मर व वांझ रोगाची कसोटी या सर्व वाणांना पार करावी लागते.

शेतकऱ्यासाठी या शतकभराच्या ज्ञानाचे सार मोजक्या कामांत आहे. प्रतिकारक वाणाचे खात्रीचे बियाणे वापरणे, पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करणे, बांधावरची जुनी तूर आणि खोडातून फुटलेले धुमारे पावसाळ्यापूर्वी काढून टाकणे, आणि पहिल्या दीड महिन्यात फिकट, झुडपासारखे दिसणारे प्रत्येक रोप उपटून नष्ट करणे. संवर्धकातील जिवाणूला मुळाच्या पेशीत जागा मिळावी आणि कोळ्याने आणलेल्या विषाणूला पानाच्या पहिल्या पेशीपलीकडे जाता येऊ नये, या दोन्ही गोष्टींसाठी ही कामे आहेत. पेशीपटलावरील आधारप्रथिनांच्या अभ्यासाने त्या कामांमागील कारणे अधिक खोलवर दाखवून दिली आहेत, आणि पुढच्या पिढीच्या तुरीत प्रतिकार अधिक नेमकेपणाने निवडण्याचा मार्गही तोच अभ्यास खुला करतो.